दारावरचा खोटा निंब

माझी आई कलेक्टरसमोरही बिनदिक्कत खोटं बोलली असती, पण मातेपुढे, म्हणजे देवीच्या रोगाच्या देवतेपुढे, तिची जीभ वळत नसे. आणि चौऱ्याहत्तर सालच्या वैशाखात तिनं नेमकं मातेच्याच नावानं खोटं सांगितलं. त्यापायी माझं लग्न मोडायची वेळ आली.

लग्न शहापूरच्या इश्वरशी ठरलं होतं. तो भंडाऱ्याला पितळी भांड्यांच्या दुकानात कामाला होता. आमच्या बोरटोल्याला मुलगी पाहायला त्याचे वडील यादोराव आणि एक काका आले. मुलाला दुकानातून सुट्टी मिळाली नाही, म्हणून त्याच्याऐवजी फोटो आला. तेव्हा यात कोणाला काही वावगं वाटत नसे. फोटोत गोल, तुळतुळीत चेहऱ्याचा, केसांना भरपूर तेल चोपडलेला माणूस होता. आईनं तो पेटीत लग्नाच्या लुगड्याखाली ठेवला आणि मी दिवसातून चारदा लुगडं पाहायला पेटी उघडायला लागले.

त्याच दिवसांत गावोगाव देवीची नवी लस टोचणारे फिरत होते. देवीचा रोग देशातून कायमचा घालवायचा, असं सरकारनं मनावर घेतलं होतं. घराघरात शिरून ते एका पोराचं फोडांनी भरलेलं चित्र दाखवायचे आणि विचारायचे, असं कोणाला झालंय का. पूर्वी दंडावर चाक फिरवून देवी काढायचे, त्यापेक्षा ही रीत वेगळी होती. दोन दातांची बारीक सुई, लशीत बुडवायची आणि एकाच जागी पंधरा वेळा टोचायची. माझी मैत्रीण मंदा हिनं पलीकडच्या टोल्यात, म्हणजे वाडीत, आधीच टोचून घेतली होती. विहिरीवर ती दंड उघडा करून फोड दाखवायची, आणि दोन दिवस ताप आला तेव्हा सासूनं चूल पेटवली, हे प्रत्येकीला नव्यानं सांगायची. सासूनं चूल पेटवली हे ऐकून दोन-तीन सुना लगेच तयार झाल्या.

आई मात्र हटून बसली होती. तिनं जन्मात स्वतः देवी काढून घेतल्या नव्हत्या आणि मलाही काढू दिल्या नव्हत्या. मी लहान असताना टोचणारा आला की ती मला धानाच्या ढोलीत बसवून वर सूप झाकायची. एकदा मी आत शिंकले, तर तिनं त्या माणसाला उंदीर शिंकला म्हणून सांगितलं. आता तर लग्न आठ दिवसांवर आलेलं.

"हळद लागाच्या आंगाले जखम नको," ती म्हणाली. "ताप आला, हात सुजला, तं बांगड्या कोन भरन? शहापूरवाले म्हनतीन, बिमार पोरगी देल्ली."

 माझे वडील गोमाजी चार दिवसांपासून उन्हाच्या तडाख्यातही पूर्ण बाह्यांचा सदरा घालून हिंडत होते. पोरीच्या लग्नाचा रुबाब म्हणून आईनं तिकडे लक्ष दिलं नाही.

सोमवारी सकाळी टोचणारे वासुदेवराव गावात आले, हे कळलं तेव्हा आई अंगण झाडत होती. तिनं झाडू टाकला, परसातल्या कडुनिंबाचा डहाळा तोडला आणि दाराच्या चौकटीला खोचला. आमच्याकडे याचा अर्थ एकच. या घरात माता आली आहे, म्हणजे कोणाच्या तरी अंगावर देवी उठल्या आहेत, परक्यानं उंबरा ओलांडू नये. मग ती आत आली, मला आतल्या खोलीत निजवलं आणि वर गोधडी टाकली. वैशाखातली दुपार अजून व्हायची होती, पण घाम तेव्हाच सुरू झाला.

वासुदेवराव दारात थांबले. सभ्य माणूस होता. त्यांनी निंबाला हात जोडले.

"कोनाले आली जी?"

"पोरीले."

"कवापासून?"

"कालपासून. तुमी मांगं सरा, बाबूजी. परक्याची सावली चालत नाई तिले."

"मी दुरूनच पाहातो. फोडं कुठं आले ते तेवढं दाखवा."

"माता का पाहाची वस्तू हाये का?" आई म्हणाली.

त्यांनी वाद घातला नाही. वहीत काहीतरी लिहिलं, भिंतीवर खडूनं एक खूण केली आणि ते उलट्या पावली गेले. आईनं कंबरेवर हात ठेवून त्यांना वेशीपर्यंत नजरेनं पोचवलं. संध्याकाळपर्यंत ती इतकी खुशीत होती की मला गोधडीत कैरी आणि मीठ आणून दिलं.

तिला कोणी सांगितलं नव्हतं की पूर्वी निंब पाहून जे लोक परत जायचे, तेच आता निंब शोधत फिरत होते. यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

मंगळवारी उजाडताच लाखांदूरच्या रस्त्यानं जीप आली. आमच्या दाराशी दोन पहारेकरी बसले, एक पुढे आणि एक परसात. भंडाऱ्याहून मोठे डॉक्टर परवा येऊन रोगी पाहतील, तोवर या घरातून कोणी बाहेर जायचं नाही, आणि लस घेतल्याशिवाय कोणी आत यायचं नाही. आणि या घरापायी अख्ख्या बोरटोल्याला आजच्या आज लस टोचायची. जे गाव गेले पंधरा दिवस "उद्या घेतो" म्हणत होतं, त्याला आमच्या अंगणासमोरच्या चिंचेखाली रांगेत उभं केलं गेलं.

मी खिडकीच्या फटीतून पाहत होते. शेजारच्या चंद्रभागाबाई पहिल्या. त्या प्रत्येक टोच मोठ्यानं मोजत होत्या. पंधरा झाल्यावर म्हणाल्या, "सोळा मारल्या, मी मोजल्या." वासुदेवरावांनी पंधराच म्हणून सांगितलं. त्या ऐकेनात. सरकारनं आपल्याला एक जास्त दिली, हे त्या पुढे कितीतरी वर्षं अभिमानानं सांगत. गावचे पैलवान परसराम सुई पाहूनच खाली बसले आणि त्यांना बसल्या जागीच टोचावं लागलं. रांगेतला प्रत्येक जण दंड चोळत आमच्या दाराकडे पाहायचा आणि धुरपताच्या नावानं काहीतरी पुटपुटायचा. धुरपता म्हणजे माझी आई.

मग वासुदेवराव आमच्या अंगणात आले. रोग्याच्या घरातल्या माणसांना तर टोचायलाच हवं होतं. आई म्हणाली, मातेच्या घरात लोखंड चालत नाही. वडिलांनी खाकरून घसा साफ केला.

"माहं झालं हाये," ते म्हणाले.

त्यांनी बाही वर केली. दंडावर चांगला भरलेला फोड होता. मागच्या बाजाराच्या दिवशी लाखांदूरच्या एसटी स्टँडवर त्यांनी गुपचूप टोचून घेतली होती आणि फोड झाकायला सदरा घातला होता. आई त्यांच्याकडे पाहतच राहिली. सरकारवर तिचा जेवढा राग होता, त्याच्या दुप्पट तिनं त्या सदऱ्यावर काढला.

"मले काहून नाई सांगतलं?"

"सांगतलं असतं तं तू घेऊ देल्ली असती का?" वडील म्हणाले. हे त्यांच्या संसारातलं सर्वांत लांब भांडण होतं आणि ते तिथंच संपलं. आई मात्र बधली नाही; तिचं डॉक्टर आल्यावर पाहू, म्हणून वासुदेवरावांनी पेटी बंद केली.

दुसरी गंमत अशी की आईला सोमवारी रात्रीपासूनच मातेची भीती वाटायला लागली होती. नाव घेतलं आणि नेम पाळला नाही, तर ती खरंच यायची. म्हणून मातेचे सगळे नियम घरात कडक सुरू झाले. फोडणी नाही, तळण नाही. वडिलांनी दाढी करायची नाही, कोणी केस विंचरायचे नाहीत, पायात चप्पल नाही. लग्नाच्या घरात शेवया-पापडांचे डबे भरायच्या दिवसांत आम्ही तिघं गार भात आणि ताक जेवत होतो. वडिलांचे खुंट वाढले, माझ्या केसांचा गुंता झाला, आणि गोधडीखाली मानेवर आणि पाठीवर घामोळ्या उठल्या. आईनं त्या पाहिल्या आणि तिचा चेहरा उतरला.

"आली व," ती पुटपुटली.

"घामोळ्या हायेत, माय. गोधडी काढ."

तिनं गोधडी काढली नाही. वर आणखी एक निंबाचा डहाळा ठेवला.

इथपर्यंत मी हसत होते. मंगळवारी संध्याकाळी मंदा परसातल्या पहारेकऱ्याला आपल्या दंडावरचा फोड दाखवून खिडकीशी आली आणि तिनं जे सांगितलं, त्यानं माझं हसणं बंद झालं. दुपारच्या एसटीनं बातमी शहापूरला गेली होती. बोरटोल्याच्या नवरीला देवी आल्या. यादोराव म्हणे कपाळाला हात लावून बसले.

त्या रात्री मी डोळा मिटला नाही. देवी आलेली पोरगी म्हणून माझं नाव झालं, तर दुसरं स्थळ कोण आणणार? आणि डॉक्टरनं येऊन हे खोटं आहे असं सांगितलं, तर खोटारड्या घरची पोरगी म्हणून नाव होणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. आईवर मला असा राग आला की मी तिच्याशी बोलणं टाकलं. आणि खरं सांगायचं तर त्या फोटोतल्या माणसासाठी मला रडू आलं. ज्याला मी एकदाही पाहिलं नव्हतं, त्याच्यासाठी.

बुधवारी सकाळच्या गाडीनं यादोराव स्वतः आले. सोबत कोणी एक जण होता. यादोराव चिंचेखाली थांबले, जवळ आले नाहीत. तिथूनच त्यांनी वडिलांना हाक मारली.

"गोमाजी, आमाले आधी काहून नाई कळवलं? लोकाच्या तोंडून आयकाचं का आमी?"

वडील अंगणाच्या कडेला दाढीचे खुंट खाजवत उभे राहिले. 

सोबतचा माणूस मात्र थेट दाराशी आला. पहारेकऱ्यानं काठी आडवी केली. "लस घेतली का?"

तो माणूस म्हणाला, "माहं तोंड पाहा."

पहारेकऱ्यानं पाहिलं आणि काठी बाजूला केली. ज्याला देवी येऊन गेल्या, त्याला त्या पुन्हा येत नाहीत. त्याला कोणत्याही घरात जाता येतं. तो उंबरा ओलांडून आत आला. आई आडवी आली, पण मातेच्या घरात मोठ्यानं बोलायचं नसतं हा तिचाच नियम होता, म्हणून तिला ओरडता येईना.

मी उठून बसले होते. हातात अर्धी कैरी होती. समोर उभ्या माणसाचा सगळा चेहरा, कपाळापासून हनुवटीपर्यंत, देवीच्या खोल व्रणांनी भरलेला होता. केसांना तेल भरपूर होतं. त्यावरून मी ओळखलं.

तो माझ्या मानेकडे पाहत होता, मग तळहातांकडे, जिथं देवीचे फोड उठतातच, मग कैरीकडे.

"या घामोळ्या हायेत," तो म्हणाला.

"तुमच्या फोटोत हे नाई," मी म्हणाले. माझ्या तोंडून निघून गेलं.

"तुमच्याही आंगावर देवी नाई."

आई मटकन खाली बसली. मला काय झालं कोणास ठाऊक, हसूही येत होतं आणि संतापही. इतके दिवस मी ज्या चेहऱ्याकडे पाहत होते तो भंडाऱ्याच्या कोण्या फोटोवाल्यानं पेन्सिलीनं घासून गुळगुळीत केलेला होता.

"बाबानं करवला तो फोटो," इश्वर म्हणाला. "मी म्हटलं होतं, मी सोताच जातो. त्यांनी जाऊ देल्लं नाई. तीन ठिकानाहून पोरीवाले परत गेले, म्हून त्यांनी तसं केलं. आज बिमारीचं आयकलं आन् वाटलं, मी तं आत जाऊ शकतो. तुमाले पाहातो, आन् तुमीही मले पाहून घ्यान. पसंत नसल तं आत्ताच सांगा. दोष आमच्याकडचा, फोटोचा. तुमच्यावर बोट येऊ देनार नाई."

 लग्नाला नकार देण्याची संधी आमच्या गावात कोणत्याही पोरीला मिळाली नव्हती. मिळाली तेव्हा काय करायचं हे मला माहीत नव्हतं. मी त्याच्याकडे नीट पाहिलं. तो मान खाली घालून उभा होता आणि हातानं सदऱ्याचं टोक पिळत होता.

मग त्यानं आईकडे वळून विचारलं, "मामी, लस कोनी कोनी घेतली?"

"मले नाई पाहिजे," आई म्हणाली. "माताच रागावते."

तो तिच्यासमोर जमिनीवर बसला. "आमच्या दारी खरा निंब होता. मी सात वर्षाचा, बहीन चारची. सुली म्हनत होतो तिले. गावात देवी सुरू झाल्या तवा टोचनारा दारात आला होता. मायनं दार लावून घेतलं. आमी दोघं दाराच्या मांगं लपून हासत होतो. पंधरा दिवसानं दोघालेही आल्या. मी वाचलो. माय आजही त्या दाराले कडी लावत नाई. उघडंच ठेवते."

 आईनं आमच्या दाराच्या कडीकडे पाहिलं. ढोलीत शिंकलेला उंदीर मला आठवला. मीही तेव्हा आत बसून हसतच होते.

मी गोधडी बाजूला केली, उठले आणि बाहेर निघाले. आईनं माझा हात धरला. बाहेर गाव उभं होतं, होणारा सासरा उभा होता. मी बाहेर पडले की आईचं खोटं उघडं पडणार, हे आम्हा दोघींना कळत होतं. मी तिचा हात सोडवला. वाईट वाटलं, पण सोडवला.

चिंचेखाली वासुदेवराव राहिलेल्यांसाठी पेटी उघडून बसले होते. पहारेकऱ्यानं काठी उचलेपर्यंत मी विस्कटलेल्या केसांनी त्यांच्यासमोर जाऊन बसले, तळहात पुढे केले, मान दाखवली. त्यांनी ते चित्र माझ्याशेजारी धरून पाहिलं.

"हे तं घामोळ्या हायेत, बाई."

"हो जी. टोचा आता."

गावात कुजबुज सुरू झाली आणि चंद्रभागाबाईंनी तिची लगेच आरडाओरड केली. आम्हाला फुकटच टोचलं, असं त्यांचं म्हणणं. यादोराव पुढे आले. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"मंजे खोटं? मातेचं नाव घेऊन खोटं? असल्या घरात मी पोरगा देनार नाई."

इश्वर दारातून म्हणाला, "बाबा, तिनं फोटो पाहाला आन् आता मलेही पाहालं."

यादोरावांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. मी दंड पुढे धरून बसले होते, वासुदेवरावांची सुई अजून चालू होती. मला वाटलं, आता नाही बोललं तर कधीच नाही.

"मले पसंत हायेत," मी म्हणाले.

एवढं बोलायला लागलेलं धैर्य मला पुढे बाळंतपणातही लागलं नाही.  यादोराव उपरण्यानं तोंड पुसायला लागले आणि बराच वेळ पुसत राहिले. वासुदेवरावांनी त्यांना तसंच समोर बसवून बाही वर करायला लावली, कारण ते गावात आले होते आणि नियम नियमच.

सर्वांत शेवटी आई आली. उन्हातून, अनवाणी. कोणाकडे न पाहता बसली आणि पदर खांद्यावरून सरकवला. वासुदेवराव टोचत होते तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. सुई दुखते का, असं वडिलांनी विचारलं. तिनं नाही म्हणून मान हलवली.

गुरुवारी डॉक्टर येऊन गेले, पहारा उठला, वडिलांची दाढी झाली. वासुदेवराव तिकडे शहापूरला जाऊन इश्वरच्या आईला, लीलाबाईंनाही टोचून आले, आणि वऱ्हाडातल्या प्रत्येकाला. सोमवारी ठरल्या वेळी लग्न लागलं. माझा डावा दंड टम्म फुगला होता; हळद लावणाऱ्या बायकांनी फोडाभोवती बोटभर जागा सोडून बाकी सगळीकडे हळद लावली. मांडवात आलेला प्रत्येक माणूस डावा हात शरीरापासून लांब धरून बसला होता, आणि पंगतीत वाढणारे त्या बाजूनं जपून जात होते.

मांडवात नवरदेवाच्या करवलीला, म्हणजे बहिणीला, मानाचं लुगडं देतात. इश्वरला बहीण नव्हती, म्हणून एक चुलतबहीण करवली झाली होती. आईनं तिला लुगडं दिलं. मग आई लीलाबाईंसमोर गेली आणि कमरेजवळून एक कागदाचं पुडकं काढून तिनं त्यांच्या ओटीत ठेवलं. त्यात एक हिरवा परकर होता, चार वर्षांच्या पोरीच्या मापाचा. तो आईनं केव्हा शिवला, मला माहीत नाही.

"हा सुलीचा मान," ती म्हणाली. "दार मीही लावलं होतं, विहीनबाई. माही वाचली एवढंच."

लीलाबाईंनी तो परकर छातीशी धरला आणि आईनं त्यांना मिठी मारली. सुजलेल्या दंडाला सुजलेला दंड लागला आणि दोघी एकदम "माय व" म्हणून मागे सरल्या, हसल्या, आणि मग उजव्या खांद्यावर डोकं ठेवून पुन्हा रडायला लागल्या. यादोराव दुरून हाका मारत होते की जेवणं आटपा, शेवटची एसटी निघून जाईल. त्यांचं कोणी ऐकलं नाही.